कमल मकासरेचे चाळीस चौकोन

पिशवी कुणाचीही असो, हातात आली की मी आधी तिचा तळ चाचपते. लोअर परळला एका बंद मिलच्या आवारात कपडे शिवून परदेशी पाठवणारी कंपनी होती, तिच्या गेटवर मी एकवीस वर्षं चेकर होते. संध्याकाळी सहाला साडेतीनशे बायका सुटायच्या आणि प्रत्येकीची पर्स, डबा, छत्री माझ्या हाताखालून जायची. लेसचं बंडल अंबाड्यात, चेन परकराच्या घडीत, बटणं डब्यातल्या उसळीत, सगळं मी काढलेलं आहे. कंपनी गेली, तिथे काचेची ऑफिसं आली, पण हाताची सवय काही गेली नाही. नवऱ्याच्या, अवधूतच्या, पँटचे खिसे उलटे केल्याशिवाय मी ती मशीनमध्ये टाकत नाही. अवधूत म्हणतो, "तुझ्यापेक्षा एअरपोर्टवाले बरे, ते निदान हसतात तरी."

हे आधीच सांगते, कारण कमल मकासरेबद्दल मी जे काही मनात आणलं ते याच हातानं आणलं. उगाच मला कुणी भोळी समजू नये.

लालबागला आमची चाळ पडून टॉवर झाला आणि आम्ही अकराव्या मजल्यावर आलो. वर्षभरात सासूबाईंना, मीराबाईंना, पक्षाघात झाला. डावी बाजू गेली. त्यांना उठवायला, पुसायला, भरवायला बाई लागणार होती. पहिली बाई दिवसभर झोपायची, दुसरी फोनवर असायची, तिसरी आमची पितळेची समई घेऊन गेली ती गेलीच. या सगळ्यांत सासूबाईंच्या पाठीला हाताच्या पंजाएवढी जखम झाली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर बाई वाचायची नाही.

मग कमल आली. अठ्ठावन्न वर्षांची, म्हणजे माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, पण मी तिला पहिल्या दिवसापासून 'अगं कमल'च म्हणत आले. काटक, उंच, केस चापूनचोपून बांधलेले. तिची चौकशी मी पुरी केली होती. माहेर नेवासे तालुक्यातलं. वडील मिशनच्या शाळेत शिपाई. लग्न होऊन मुंबईला आली तेव्हा नवरा, शांतवन, गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवायचा. छापखाने बंद पडत गेले तसा तो घरी बसला, आणि ही परळच्या एका इस्पितळात आया म्हणून लागली. सत्तावीस वर्षं तिनं परक्या माणसांची अंगं पुसली. नवरा सहा वर्षांपूर्वी वारला. मुलगी पुण्याला नर्स आहे. ही भोईवाड्यात एका खोलीत एकटी राहते आणि रविवारी सकाळी मराठी चर्चला जाते.

तीन महिन्यांत तिनं सासूबाईंची जखम भरून आणली. दर दोन तासांनी कूस बदलायची, घड्याळ न बघता. सासूबाई तिच्याशिवाय कुणाच्या हातचा घास घेईनाशा झाल्या. मी भरवायला गेले तर तोंड घट्ट मिटून भिंतीकडे बघायच्या. म्हणजे ही बाई गेली तर सासूबाईंचं काही खरं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि तरीही रोज संध्याकाळी सहाला ती निघाली की दारात मी तिची पिशवी तपासत होते. समई गेल्यापासून नियमच केला होता. पहिल्या दिवशी मी नुसता हात पुढे केला तर तिनं स्वतःच चेन उघडून पिशवी समोर धरली. मला तेव्हाच खटकलं. जी पिशवी इतक्या राजीखुशीनं उघडते ती अस्तरात लपवते, हा गेटवरचा अनुभव. दोन वर्षं मी अस्तर चाचपलं. काही सापडलं नाही, म्हणून संशय कमी झाला असं मात्र नाही.

यंदा फेब्रुवारीत एका बुधवारी ती कपाळावर काळपट राख लावून आली. सासूबाई खूष झाल्या. त्या बोलतात ते अर्धवट, पण मालवणी स्वच्छ.

"माका लाव गो थोडो अंगारो," त्या म्हणाल्या.

"हा वाटायचा नसतो आजी," कमल म्हणाली, "चर्चमधनंच घ्यायचा." मग माझ्याकडे वळून तिनं सांगितलं, "ताई, आजपासून आमचा उपवासकाळ. चाळीस दिवस मी दुपारची जेवणार नाही. माझा भात टाकू नका. दुपारी अर्धा तास फक्त बसेन आजींच्या खोलीत, प्रार्थनेला."

आता उपवासाच्या माणसाला उपाशी ठेवायचं हे काही आमच्या घरात होत नाही. माझा स्वभाव कितीही वाईट असो, दुसऱ्या दिवशी मी साबुदाणा भिजवला, दाण्याचं कूट घालून खिचडी केली, वर लिंबू पिळलं आणि ताटली तिच्यापुढे ठेवली. तिनं हात जोडले. "आमच्यात असं काही नसतं ताई. दुपारी काहीच नाही. सहाला सोडते मी."

खिचडी मी खाल्ली, रागानं. आणि सहाला स्वयंपाकघरात डोकावले तर काय, बाई ओट्याशी उभ्यानं बाजरीची भाकरी खात होती. भाकरी! वर लसणाची चटणी! मी आयुष्यभर संकष्ट्या आणि सोमवार केले, आमच्याकडे उपवासाला धान्य चालत नाही आणि कांदा-लसणाचं नाव काढत नाहीत. ही मला उपवास सांगते आणि भाकरी खाते. गेटवर आम्ही लगेच पकडायचो नाही, माल बाहेर निघू द्यायचो.

शेजारच्या वैशालीला सांगितलं. वैशाली आमच्या मजल्यावरची, तिला व्हॉट्सअ‍ॅपवर रोज कुठे काय चाललंय ते कळतं. ती म्हणाली, "दर्शनाताई, डोळे उघडे ठेवा हां. हे लोक आधी सेवा करतात, मग हळूच पाणी शिंपडतात. तुमची सासू अशी पडलेली, तिला काय कळणारे?"

ते माझ्या मनात नव्हतं असं नाही. पण वैशालीनं मोठ्यानं म्हटल्यावर ते खरं वाटायला लागलं.

रविवारी कमल दुपारी यायची. त्या रविवारी मी मुद्दाम बांगड्याचं तिखलं केलं. बुधवारपासून मासळीला हात न लावणारी बाई दोन तुकड्या खाऊन मोकळी झाली, वर सोलकढीही प्यायली. मी विचारलं, "का गं, उपवास सुटला?"

"रविवार धरत नाहीत ताई. रविवार आनंदाचा."

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि बोटानं मोजलं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत शेहेचाळीस दिवस भरले. ही सांगते चाळीस. रविवार वगळले की चाळीस होतात हे मला दिसत होतं, पण मला ते पटलं नाही. ज्या उपवासात भाकरी चालते, दर आठवड्याला सुट्टी असते आणि हिशेब आपल्या सोयीनं होतो, त्याच्या आड दुसरं काहीतरी असलंच पाहिजे. माझं डोकं असंच चालतं.

दुपारी एक ते दीड सासूबाईंच्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. मी फटीतून बघत असे. कमल पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसलेली, डोळे मिटलेले, ओठ हलत असलेले. पाणी नाही, क्रूस नाही, काही नाही. एकदा ती गेल्यावर मी सासूबाईंना विचारलं, "काय बडबडते हो ती?"

सासूबाईंनी उजवा हात माझ्याकडे केला. "रोज दुपारी डोळे मिटून तुझा नाव घेता ती."

माझं नाव? सासूबाईंचं घेतलं असतं तर समजलं असतं. माझं कशाला? मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं, पण त्या दमल्या होत्या, भिंतीकडे वळल्या.

त्यानंतर मी पिशवी अशी तपासली की गेटवर कधी तपासली नसेल. तिच्या बायबलची पाठ धरून पुस्तक उलटं झटकलं. दोन-तीन फुलांच्या पाकळ्या आणि शांतवनचा जुना फोटो खाली पडला. तिनं वाकून ते उचललं, पुस्तकात नीट ठेवलं आणि "येते ताई" म्हणून गेली. तिचा चेहरा अगदी नेहमीसारखा होता, आणि मला तोच नको होता.

कागद मला सापडला तो पाडव्यानंतर आठवड्याभरानं, चष्म्याच्या केसमध्ये. वहीचं पान, घडी घालून घालून मऊ झालेलं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: दर्शनाताई. खाली चौकोन आखलेले, दहा-दहाच्या चार ओळी, प्रत्येकात बारीक तारीख. काही चौकोनांत फुली, काहींत गोल. पुढचे रिकामे. ती तेव्हा सासूबाईंना पाणी पाजायला आत वळली होती. मी फोनवर फोटो काढला आणि कागद जसाच्या तसा घालून ठेवला.

खरं सांगते, मी घाबरले. कुणी आपलं नाव लिहून खाली फुल्या मारतंय, त्याला आमच्या गावाकडे एकच शब्द आहे. करणी. मी सुशिक्षित आहे, बारावी झालेय, पण तो शब्द एकदा मनात आला की शिक्षण कुठे जातं कोण जाणे.

रात्रीचं जेवण आटोपल्यावर फोटो मोठा करून मी तारखा लावल्या. फुल्यांच्या दिवशी काही विशेष नव्हतं. पण गोल! दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार, गोल. त्याच दिवशी मी बाथरूममध्ये सटकून पडले होते, गुडघा अजून दुखतोय. तिसऱ्या आठवड्यातला शुक्रवार, गोल. त्या दिवशी गीझरमधून धूर निघाला. पाडव्याचा दिवस, गोल. पाडव्याला माझं श्रीखंड आंबूस झालं होतं, जे बत्तीस वर्षांच्या संसारात कधी झालं नाही. अवधूतला दाखवलं तर तो म्हणाला, "श्रीखंडावर कोण करणी करतं गं?" आणि झोपला. तो कॉटन ग्रीनला गोदामात सुपरवायझर आहे. त्याला उंदरांशिवाय कशाचा संशय येत नाही.

मी स्वतःवरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली. दोनदा. आणि ठरवलं, हिला काढायची. सासूबाईंचं काय, हा प्रश्न मी बाजूला सारला. बाजूला सारला म्हणजे काय, रोज कूस बदललेली ती पाठ डोळ्यांसमोर आली की मी स्वयंपाकघरात निघून जात होते. नवी बाई बघून ठेवली नव्हती. बघायची हिंमत होत नव्हती. तरीही काढायची हे पक्कं होतं. भीती माणसाला इतकं मूर्ख करू शकते हे मला तेव्हा कळलं नाही.

गुड फ्रायडेची सुट्टी तिनं महिनाभर आधीच मागितली होती, बारा ते तीन चर्चमध्ये असते म्हणून. मी आदल्या दिवशीचा गुरुवार धरला. पकडताना साक्षीदार लागतो, हा गेटचा नियम, म्हणून वैशालीला पावणेसहाला चहाला बोलावलं.

सहाला कमल पदर सारखा करत बाहेर आली. चेन उघडून पिशवी समोर धरली. मी सरळ चष्म्याची केस उघडून कागद काढला आणि तिच्या तोंडासमोर धरला.

"हे काय आहे?"

ती पहिल्यांदाच लाल झाली. वैशालीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला दाखवायचं नव्हतं ते."

"ते दिसतंच आहे. माझं नाव कशाला लिहिलंयस? आणि या फुल्या? मी पडले त्या दिवशी गोल, गीझर जळला त्या दिवशी गोल. काय लावलंयस तू माझ्या घरात?"

"तुम्हाला काय वाटलं?"

"काय वाटलं ते तुला चांगलं माहितीय."

तिला कळायला क्षणभर लागला. मग ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. फार वेळ उभं राहिलेली बाई टेकते तशी.

"ताई, उपवासाच्या पहिल्या दिवशी आमच्या चर्चच्या पाळकांनी सांगितलं, मटण-मासळी सोडून देवाला काय मिळणार? जे तुम्हाला सोडवत नाही ते सोडा. आणि कुणाला सांगू नका, तोंड पाडून फिरू नका. मी घरी येऊन विचार केला. मासळी मला सोडवते. जेवण सोडवतं, इस्पितळात निम्मं आयुष्य तसंच गेलं. मग काय सोडवत नाही? तुम्ही सोडवत नाही मला. तुमचा राग."

मी म्हटलं, "माझा राग? मी काय केलं तुला?"

हा प्रश्न मी मनापासून विचारला होता, हे लिहिताना आज लाज वाटते.

तिनं डोळ्यांनी पिशवी दाखवली, जी अजून तिच्या हातात उघडी होती.

"दोन वर्षं रोज. रोज लिफ्टनं उतरताना मी तुम्हाला मनात शिव्या देते. माझ्या तोंडात नसतात अशा. खाली गेटपर्यंत देते, भोईवाड्यापर्यंत देते. मग रात्री देवाचं नाव घेते त्याच तोंडानं. म्हणून ठरवलं, चाळीस दिवस हा उपवास. ज्या दिवशी तुमचं वाईट मनात आलं नाही त्या दिवशी क्रूस काढायचा. आलं तर गोल. दुपारी बसायचे ते याच्यासाठी. तुमचं नाव घेऊन मागायचे, की बाबा, हिचं भलं कर. तोंडानं म्हणायचं, मग कधीतरी मनापासून येईल."

"आणि मी पडले ते?"

"तुम्ही पडलात म्हणून गोल नाही झाला हो," ती म्हणाली. "गोल झाला कारण तुम्ही पडलात तेव्हा मला बरं वाटलं. मीच धावत येऊन उचललं ना तुम्हाला? उचलताना बरं वाटत होतं मला. घरी जाऊन गोल काढला. गीझरच्या दिवशी तुम्ही माझं बायबल उलटं झटकलं होतं, ह्यांचा फोटो खाली पडला. पाडव्याला तुम्ही ह्या वैशालीताईंना माझ्यासमोर म्हणालात, आमची बाई उपवासाला भाकरी खाते, आणि दोघी हसलात."

वैशाली म्हणाली, "माझा कुकर लागलाय," आणि गेली. वासही नव्हता कुकरचा.

मी कागदाकडे बघितलं. सदतीस चौकोन भरलेले होते. फुल्या तेरा. तेरा दिवस या बाईनं मला मनातल्या मनात सोडून दिलं होतं, आणि चोवीस दिवस तिला ते जमलं नव्हतं. जमलं नाही ते तिनं लिहून ठेवलं होतं. एकवीस वर्षांत मी कितीतरी कागद धरले, खोट्या गेटपासपासून चिठ्ठ्यांपर्यंत. स्वतःविरुद्ध स्वतः लिहिलेला कागद कुणाच्या पिशवीत मला मिळाला नव्हता.

"आजचा चौकोन घरी जाऊन भरते," ती म्हणाली आणि कागद घडी करून केसमध्ये ठेवला. "उद्या सुट्टी आहे माझी. शनिवारी येते."

शुक्रवारी मी सासूबाईंना भरवायला बसले. पहिला घास त्यांनी घेतला नाही. दुसराही नाही. मऊ भात गार झाला. कूस बदलताना माझ्या नखानं त्यांच्या खांद्याला ओरखडा गेला आणि त्या कळवळल्या. मी त्यांना म्हटलं, "आई, ती माझ्यावर चिडलीय. नाही आली परत तर?" त्या भिंतीकडे बघूनच म्हणाल्या, "तुका आता कळला?"

दिवसभर मी दाराकडे बघत होते. आठवड्यापूर्वी जिच्या करणीला घाबरत होते, ती उद्या येणार नाही या विचारानं मला आता जास्त भीती वाटत होती. सासूबाईंच्या पाठीची भीती तर होतीच. पण दुसरीही एक होती, आणि ती सासूबाईंसाठी नव्हती, हे मला कबूल करावं लागेल.

शनिवारी नऊच्या ठोक्याला ती आली. नेहमीसारखी. सासूबाईंनी पेजेची वाटी संपवली. आमच्या दोघींत दिवसभर 'गरम पाणी', 'औषध झालं का', एवढंच बोलणं झालं. एकदा बोलायला गेले आणि "साबण संपलाय का गं?" असं विचारून परत आले.

सहा वाजले. ती दारात आली आणि चेन उघडून पिशवी माझ्यापुढे धरली.

"नको," मी म्हटलं. "जा तू. यापुढे नको."

ती हलली नाही. "बघा ताई."

"अगं नको म्हणते ना."

"शेवटचा चौकोन आहे आज. काल तुम्हाला बघितलंच नाही, काल क्रूस सोपा होता. आज तुम्ही पिशवी बघितली नाही तर आजचाही सोपाच होईल. तसला नको मला. तुम्ही बघा, आणि राग नाही आला तर तो खरा."

मी तिच्याकडे बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. टोचून बोलत नव्हती. तिला खरोखरच हवं होतं ते. मला वाटलं दार लावून घ्यावं. पण ती पिशवी धरून उभी होती, म्हणून मी हात घातला. पाण्याची बाटली, डबा, रुमाल, खोलीची किल्ली, गुडघ्याला लावायचं मलम. एरवी जे दहा सेकंदांत व्हायचं त्याला किती वेळ लागला मला सांगता येणार नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती. बायबलला मी हात लावला नाही तर तिनंच ते काढून माझ्या हातात दिलं. मी ते उघडलं नाही, दोन्ही हातांनी धरून परत दिलं. अस्तरही चाचपलं, कारण रोज चाचपत होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की समोरच्या बाईला तिथे उभं राहून काय होत असेल. ते मला एकवीस वर्षांत कळलं नव्हतं, साडेतीनशे बायका रोज, आणि मला कळलं नव्हतं.

"झालं," मी म्हटलं.

तिनं डोळे मिटले. मी निकालाची वाट बघत उभी होते. मला ती फुली हवी होती.

तिनं डोळे उघडले, कागद काढला, भिंतीला लावला आणि पेननं शेवटच्या चौकोनात गोल काढला.

"आहे अजून," ती म्हणाली. "थोडा आहे. खोटं कशाला लिहू?" आणि मग, जणू तिनंच माझं काही बिघडवलं होतं अशा आवाजात, "खूप प्रयत्न केला हो ताई मी."

ती लिफ्टमध्ये गेली. दार बंद झालं, आकडे उतरायला लागले. दहा, नऊ. मी रिकाम्या हातानं उभी होते आणि माझ्या लक्षात आलं की या सगळ्यात, गुरुवारी नाही, आजही नाही, मी तिची माफी मागितलीच नव्हती. 'नको' म्हटलं होतं. 'यापुढे नको' म्हटलं होतं. साहेबानं सूट द्यावी तसं. तिनं चाळीस दिवस माझं नाव घेऊन मागितलं आणि मला दोन शब्द सुचले नव्हते.

दुसरी लिफ्ट बंद होती. मी चप्पल न घालता जिना उतरायला लागले. सातव्यावर गुडघा बोलायला लागला, तरी थांबले नाही. थांबले असते तर मी ते शब्द परत गिळले असते, मी मला ओळखते. लिफ्ट मजल्यामजल्यावर थांबत गेली असावी, मी खाली आले तेव्हा ती गेटच्या बाहेर पडत होती. वॉचमन, तिसऱ्या मजल्यावरची मंडळी, भाजीवाला, सगळे होते.

"कमलताई!"

ती वळली. माझे अनवाणी पाय बघितले.

"माझं चुकलं," मी म्हटलं. धाप लागली होती, त्यामुळे ओरडल्यासारखंच झालं. "रोज चुकलं. दोन वर्षं."

मग तिचा चेहरा एकदम सुटला, डोळे भरून आले, आणि ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, पाच मिनिटं आधी नाही का म्हणायचं? आता पेननं काढून बसले ना मी!"